पुस्तक मिटून करावयाचा ताळा

सहामाही परीक्षेची गुणपत्रिका घरी आली तेव्हा सांगली जिल्ह्यातील त्या आडत व्यापाऱ्याच्या घरात कोणी फारसे रागावले नाही. वडिलांनी पुस्तपालनाच्या गुणांवर क्षणभर बोट ठेवले आणि गुणपत्रिका परत देताना एवढेच म्हटले, "बारावीपर्यंत होऊ दे. पुढचं नंतर बघू." अकरावी वाणिज्य शाखेत शिकणाऱ्या मुलीला या वाक्याचा अर्थ नीट समजला. दहावीच्या निकालानंतर तिला सीए करण्याची जी गोष्ट घरात कौतुकाने बोलली जात होती, ती त्या संध्याकाळपासून कोणी काढीनासे झाले.

मुलीने अभ्यास केला नव्हता असेही म्हणता येत नव्हते. सूर्यास्तापूर्वीचे जेवण आटोपले की ती टेबलाशी बसे आणि रात्री दहापर्यंत उठत नसे. पाठ्यपुस्तक पिवळ्या मार्करने इतके रंगले होते की काही पानांवर न रंगवलेली ओळ शोधावी लागे. बँक जुळवणी पत्रकाचे प्रकरण तिने परीक्षेपूर्वी पाच वेळा वाचले होते आणि नेमके त्याच प्रकरणावरील उदाहरण तिचे संपूर्ण चुकले होते.

अशा वेळी घरातील मोठ्यांना दोनच निष्कर्ष सुचतात. एक तर मुलांचे लक्ष नसते किंवा त्यांची तेवढी कुवत नसते. या दोहोंपैकी एकावर शिक्कामोर्तब होते आणि पुढची वाट ठरते. मुलगा असेल तर दुकानाची गादी, मुलगी असेल तर स्थळांची चौकशी. कष्ट खरे होते, कुवतही होती, परंतु वाचण्याची रीत चुकीची होती, ही तिसरी शक्यता क्वचितच कोणी विचारात घेतो. पहिली-दुसरीत अक्षरे जुळवता आली की वाचन आले असा सार्वत्रिक समज आहे. पाठ्यपुस्तक कसे वाचावे हे वेगळे शिकावे लागते, याची जाणीव घरात नसते आणि पुष्कळदा शाळेतही नसते.

त्या घरात ही शक्यता प्रथम आजोबांच्या ध्यानात आली. अण्णांनी चाळीस वर्षे पेढीचा रोजमेळ स्वतःच्या हाताने लिहिला होता. नात सहाव्यांदा तेच प्रकरण घेऊन बसलेली पाहून ते म्हणाले, "पुस्तक मीट आणि मला सांग, आपल्या वहीतली बँकेची शिल्लक आणि पासबुकातली शिल्लक वेगळी का येते?"

मुलीने पुस्तक मिटले. एक कारण सांगितले, दुसरे अर्धवट सांगितले आणि ती थांबली. "अण्णा, येतंय मला. पुस्तक उघडलं की सगळं आठवतं."

"पुस्तक उघडल्यावर मलाही आठवेल," अण्णा म्हणाले.

या उत्तरात सगळ्या विषयाचे मर्म आहे. ओळख पटणे आणि आठवणे या दोन वेगळ्या क्रिया आहेत. दुकानात आलेल्या गिऱ्हाईकाचा चेहरा पाहताच ओळख पटते; पण त्याची उधारी किती आणि ती कोणत्या मालाची, हे वही उघडल्याशिवाय सांगता येईलच असे नाही. पाचव्यांदा वाचलेले पान असेच ओळखीचे वाटते. वाक्ये अडखळत नाहीत, पुढच्या परिच्छेदात काय येणार हे ठाऊक असते, आणि या सुलभतेलाच विद्यार्थी ज्ञान समजतो. परीक्षागृहात मात्र पुस्तक समोर नसते. तेथे ओळखीचा उपयोग नाही. रिकाम्या कागदावर आठवूनच लिहावे लागते.

ही गोष्ट प्रयोगानेही तपासली गेली आहे. अमेरिकेतील सेंट लुईस येथील वॉशिंग्टन विद्यापीठात हेन्री रोडिगर आणि जेफ्री कार्पिके या मानसशास्त्रज्ञांनी महाविद्यालयीन विद्यार्थ्यांना एक गद्य उतारा अभ्यासण्यास दिला. एका गटाने तो उतारा चारही सत्रांत पुन्हा पुन्हा वाचला. दुसऱ्या गटाने पहिल्या सत्रात वाचला आणि उरलेल्या तीन सत्रांत उतारा बाजूला ठेवून, आठवेल तेवढे कागदावर लिहिले. पाच मिनिटांनंतर परीक्षा घेतली तेव्हा पुन्हा पुन्हा वाचणाऱ्या गटाला सुमारे ८३ टक्के मजकूर आठवला, तर आठवून लिहिणाऱ्या गटाला ७१ टक्के. येथेच प्रयोग संपला असता तर घोकणाऱ्यांचा जय झाला असता. परंतु ज्यांची परीक्षा आठवड्यानंतर झाली त्यांचे आकडे उलटले होते. वाचणाऱ्यांजवळ ४० टक्के उरले होते, आठवणाऱ्यांजवळ ६१ टक्के. वाचणाऱ्या गटाने तो उतारा सरासरी चौदाहून अधिक वेळा वाचला होता. आठवणाऱ्यांनी साडेतीन वेळाही नाही. हा अभ्यास २००६ साली प्रसिद्ध झाला. त्यातील एक बाब पालकांनी विशेष लक्षात ठेवण्याजोगी आहे. आपल्याला पुढे किती आठवेल, असे विद्यार्थ्यांना आधीच विचारले असता, अधिक आत्मविश्वास वारंवार वाचणाऱ्या गटाचा होता. म्हणजे चुकीची रीत केवळ कमी फळ देते असे नाही. ती जास्त समाधानही देते. म्हणूनच ती सुटत नाही.

व्यापारी घरांना हे समजण्यास खरे तर अडचण येऊ नये. रात्री दुकान बंद करताना कोणताही दुकानदार रोजमेळ पाच वेळा वाचून समाधान मानत नाही. तो वही बाजूला ठेवतो, गल्ल्यातील रोकड मोजतो आणि मग वहीतील आकड्याशी ताळा पाहतो. रोकड कमी भरली तर चूक त्याच दिवशी सापडते. अभ्यासातही पुस्तक मिटून आठवणे ही रोकड मोजण्याची क्रिया आहे. ती न करता मुले वर्षभर वही वाचत राहतात आणि तूट परीक्षेच्या दिवशी उघडकीस येते.

पाठ्यपुस्तक वाचण्याची एक पद्धत ओहायो स्टेट विद्यापीठातील फ्रान्सिस रॉबिन्सन यांनी १९४६ सालच्या 'इफेक्टिव्ह स्टडी' या पुस्तकात मांडली. आधी प्रकरण वरवर न्याहाळणे, त्यातून प्रश्न तयार करणे, त्या प्रश्नांच्या उत्तरांसाठी वाचणे, पुस्तक बाजूस ठेवून उत्तर स्वतःच्या शब्दांत सांगणे आणि शेवटी उजळणी करणे, अशा पाच पायऱ्या तिच्यात आहेत. जगभर ती शिकवली जाते आणि पुष्कळदा यांत्रिकपणे शिकवली जाते. पायऱ्यांची नावे पाठ करून काही साधत नाही. ती एखाद्या प्रत्यक्ष प्रकरणावर चालवून पाहिली म्हणजे तिचा उपयोग कळतो, आणि त्यासाठी त्या मुलीला दगा देणारे प्रकरणच घेणे योग्य.

बँक जुळवणी पत्रकाचे प्रकरण उघडल्यावर प्रथम दहा मिनिटे काहीही पाठ करू नये. शीर्षके पाहावीत, पत्रकाचा नमुना पाहावा आणि स्वाध्यायातील प्रश्न आधी वाचावेत. धान्याचे पोते घेण्यापूर्वी मूठभर नमुना तळहातावर घेऊन पाहिला जातो, तसे हे आहे. स्वाध्यायावर नजर टाकताच दिसते की काही उदाहरणांत रोख पुस्तकाची शिल्लक दिलेली आहे, काहींत पासबुकाची आणि काहींत शिल्लक नसून अधिकर्ष, म्हणजे ओव्हरड्राफ्ट आहे. हे तीन प्रकार आहेत एवढे आधी कळले तरी वाचनाला दिशा मिळते. आपल्या मुलीने स्वाध्याय नेहमी शेवटी आणि घाईत पाहिला होता.

त्यानंतर प्रत्येक शीर्षकाचा प्रश्न करावा. 'फरकाची कारणे' हे शीर्षक वाचून पुढे जाण्याऐवजी, व्यवहार एकच असता दोन ठिकाणी आकडे वेगळे का, असे विचारावे. आता वाचन उत्तराच्या शोधात होते. आपण धनादेश दिला त्याच दिवशी आपल्या वहीतून रक्कम वजा झाली. पण घेणाऱ्याने तो बँकेत भरेपर्यंत बँकेला त्याची वार्ताच नाही. आपण धनादेश भरला आणि वहीत जमा दाखवला. बँक तो वटल्यावरच जमा करील. बँकेने शुल्क कापले किंवा ग्राहकाने परस्पर खात्यात पैसे भरले, तर बँकेला ठाऊक आहे आणि आपल्या वहीला नाही.

येथे थोडे थांबणे आवश्यक आहे, कारण मुलीचे उदाहरण याच ठिकाणी बुडाले. तिने 'मिळवा' आणि 'वजा करा' अशा दोन याद्या पाठ केल्या होत्या. समजा, रोख पुस्तकातील शिल्लक ५०,००० रुपये आहे. दिलेला पण बँकेत सादर न झालेला धनादेश ८,००० रुपयांचा, भरलेला पण न वटलेला धनादेश ५,००० रुपयांचा, बँकेचे शुल्क २०० रुपये आणि ग्राहकाने परस्पर भरलेले ३,००० रुपये. ८,००० मिळवायचे, ५,००० वजा, २०० वजा, ३,००० मिळवायचे. पासबुकाची शिल्लक ५५,८०० रुपये आली. इथवर पाठांतराने भागते. परीक्षेत मात्र पासबुकाची शिल्लक दिलेली होती आणि रोख पुस्तकाची विचारली होती. तेथे प्रत्येक चिन्ह उलटते. मुलीने पाठ असलेली यादी जशीच्या तशी उतरवली. अधिकर्षाचे उदाहरण आले असते तर चिन्हे पुन्हा फिरली असती आणि तिसरी यादी पाठ करावी लागली असती.

याउलट जो विद्यार्थी प्रत्येक नोंदीपाशी "ही गोष्ट कोणाच्या वहीत उतरली आहे आणि कोणाच्या नाही?" एवढा एक प्रश्न विचारतो, त्याला एकही यादी लागत नाही. उत्तर मिळाले की मिळवायचे की वजा करायचे ते आपोआप ठरते, सुरुवात कोठूनही असो. वाचताना 'का' विचारणे आणि प्रत्येक पायरी स्वतःला समजावून सांगणे, याचा लाभ हाच. वाचायला वेळ दुप्पट लागतो, परंतु पाठ करावयाचे ओझे पुष्कळ उतरते.

सोडवलेल्या उदाहरणांबाबत एक साधी युक्ती फार उपयोगी आहे. बहुतेक मुले ही उदाहरणे कादंबरीसारखी वाचतात. प्रत्येक ओळ पटते आणि उदाहरण 'समजले' असे वाटते. त्याऐवजी उत्तरावर कोरे पोस्टकार्ड ठेवावे, पहिली ओळ स्वतः लिहावी, मग कार्ड एक ओळ खाली सरकवून ताळा पाहावा. जेथे चुकले तेथे कार्ड थांबवून कारण शोधावे. शिकवणीच्या दोन तासांत न सापडणारी अडचण अशा पंधरा मिनिटांत सापडते.

मार्करविषयीही बोलले पाहिजे, कारण हल्ली दप्तरात पेनापेक्षा मार्कर अधिक असतात. केंट स्टेट विद्यापीठातील जॉन डनलॉस्की आणि त्यांच्या चार सहकाऱ्यांनी २०१३ साली अभ्यासाच्या दहा प्रचलित रीतींवरील संशोधनाचा आढावा घेतला. मजकूर अधोरेखित करणे व रंगवणे आणि तेच तेच पुन्हा वाचणे या दोन्हींची उपयुक्तता त्यांनी कमी ठरवली. स्वतःची चाचणी घेणे आणि अभ्यास दिवसांच्या अंतराने विभागून करणे, या दोनच रीतींना वरची श्रेणी मिळाली. मार्कर वापरूच नये असा याचा अर्थ नाही. पहिल्या वाचनात सगळेच महत्त्वाचे वाटते, म्हणून सगळेच रंगते. परिच्छेद संपल्यावर, पुस्तकातून मान वर करून त्याचे सार सांगता आले की मग एक शब्द, फार तर एक वाक्य रंगवावे.

त्याहून चांगले म्हणजे वहीच्या पानावर डावीकडे अरुंद रकाना सोडून त्यात प्रश्न लिहिणे आणि उजवीकडे त्यांची उत्तरे. उजळणीच्या वेळी उजवी बाजू हाताने झाकायची व डावीकडील प्रश्नांवरून उत्तर सांगायचे. कॉर्नेल विद्यापीठातील वॉल्टर पॉक यांच्यामुळे ही पद्धत त्या विद्यापीठाच्या नावाने ओळखली जाते. ज्या घरांत वहीच्या पानाला उभ्या घड्या घालून रकाने पाडण्याची रीत होती, तेथे हे नवे वाटू नये.

स्वाध्याय या शब्दाशी परिचित असलेल्या वाचकांच्या मनात एव्हाना आणखी एक गोष्ट आली असेल. तत्त्वार्थसूत्राच्या नवव्या अध्यायात स्वाध्यायाचे पाच प्रकार सांगितले आहेत: वाचना, पृच्छना, अनुप्रेक्षा, आम्नाय आणि धर्मोपदेश. वाचणे, विचारणे, मनन करणे, आवृत्ती करणे आणि दुसऱ्यास सांगणे. वाचन हा त्यांतील केवळ पहिला प्रकार आहे. आधुनिक संशोधन सारे आपल्याकडे आधीच होते, असा फुगवटा यावरून काढण्याचे कारण नाही. तेथील हेतू आत्मकल्याणाचा आहे, परीक्षेतील गुणांचा नाही. तरीही ज्या घरांत हे पाच शब्द पिढ्यान्‌पिढ्या उच्चारले जातात, तेथील मुलांचा अभ्यास वाचनेपाशीच थांबावा, हे चमत्कारिक आहे.

पाठांतराची अलीकडे हेटाळणी होते, तीही अनाठायी आहे. जुन्या पिढीने पावकी, निमकी, सवायकी, दीडकी पाठ केली ती पुस्तकात पाहून नव्हे. पुस्तक नसताना, मोठ्याने, आणि चुकले की पुन्हा पहिल्यापासून. ते आठवण्याचेच कठोर शिक्षण होते. दोष आहे तो डोळे पानावर ठेवून केलेल्या घोकंपट्टीत.

उजळणी केव्हा करावी, याचे उत्तर थोडक्यात देता येते. जर्मनीतील हर्मान एबिंगहाउस यांनी स्वतःवरच प्रयोग करून १८८५ साली दाखवले की शिकलेल्यातील मोठा भाग सुरुवातीच्या काही तासांतच निसटतो आणि पुढे निसटण्याचा वेग मंदावतो. म्हणून पहिली उजळणी त्याच रात्री किंवा दुसऱ्या दिवशी, नंतरची तीन-चार दिवसांनी आणि मग आठवड्याने ठेवावी. सलग एका तासापेक्षा वेगवेगळ्या दिवशीची वीस-वीस मिनिटे अधिक फलदायी ठरतात. ज्या मुलांना संध्याकाळी दुकानात तासभर बसावे लागते, त्यांच्यासाठी ही दिलाशाची गोष्ट आहे.

मर्यादाही आहेत. ज्याला नावे आणि जमा यांतील भेदच उमगलेला नाही, त्याने पुस्तक मिटून आठवायचे तरी काय? त्याला आधी शिक्षकाकडे गेले पाहिजे. कवितेचे पान पहिल्यांदा प्रश्न विचारीत वाचू नये. ते आनंदाने वाचावे. आणि सर्वांत मोठी अडचण अशी की ही रीत सुरुवातीस अप्रिय वाटते. पुस्तक मिटले की आपल्याला किती कमी येते ते दिसते. पहिल्या आठवड्यात बहुतेक मुले ती सोडून पुन्हा वाचण्याकडे वळतात, कारण तेथे अपमान नाही. या आठवड्यातच घरातील माणसांची गरज असते. "किती तास बसलीस?" हा प्रश्न सोडून द्यावा. "आज वाचलंस त्यातलं मला काहीतरी सांग," असे म्हणावे आणि मग खरोखर ऐकावे. उलटतपासणी घेतली तर मूल दुसऱ्या दिवसापासून समोर येणार नाही.

अण्णांनी उलटतपासणी घेतली नाही. त्यांनी पेढीचे रोख पुस्तक आणि बँकेतून भरून आणलेले पासबुक नातीपुढे ठेवले. डिसेंबरअखेर वहीत १,८४,६५० रुपये होते, पासबुकात २,०६,९१४. पाठ्यपुस्तक कपाटात ठेवायला सांगितले होते. मुलगी एकेक नोंद पेन्सिलीने खूण करीत खाली आली. ट्रकवाल्याला दिलेला २२,५०० रुपयांचा धनादेश बँकेत सादर झालेला नव्हता. तो तिने मिळवला. आकडा २,०७,१५० आला. तरीही २३६ रुपयांचा फरक राहिला.

"एवढा फरक दिवाणजी दर वेळी सोडून देतात," वडील म्हणाले. ते दारात केव्हा येऊन उभे राहिले, कोणाला कळले नव्हते.

मुलगी पुन्हा पासबुकाच्या पहिल्या ओळीवर गेली. "बँकेला ठाऊक आहे आणि आपल्या वहीला नाही, असं काहीतरी आहे," ती स्वतःशीच म्हणाली. महिन्याच्या मध्यावर, इंग्रजी संक्षेपात छापलेली एक अस्पष्ट ओळ होती. शुल्क २०० रुपये आणि त्यावर १८ टक्क्यांनी जीएसटी ३६ रुपये.

वडिलांनी पासबुक हातात घेऊन ती ओळ चष्म्याजवळ धरली. मग खुर्ची ओढून ते बसले आणि म्हणाले, "नोव्हेंबरचंही काढ बघू."